बॅच बदलते तेव्हा

"बाई, ह्या यादीत चेंबूरचा बाळंतिणींचा हॉस्पिटल खंय आसा?"

परबमामांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. कॉम्प्युटरने छापलेली यादी टेबलावर पसरलेली होती आणि तिच्याभोवती आम्ही तिघं उभे होतो: कंपनीचे डायरेक्टर मेहता साहेब, आमच्या डिपार्टमेंटचे मॅनेजर राजाध्यक्ष आणि मी. परबमामा दारात होते. ते आमच्या गोडाऊनचे मुकादम. यादी घेऊन जायला त्यांना वर बोलावलं होतं, त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं.

"यादीत नाही म्हणजे तिथे माल गेलेला नाही," राजाध्यक्ष म्हणाले.

"माल गेलो साहेब. गाडी माझ्यासमोर भरली."

"याच बॅचचा?"

"ह्याच."

राजाध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. यादी काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तपासून पासही मीच केला होता.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमची कंपनी औषधं बनवायची. कारखाना मुलुंडला आणि गोडाऊन साकीनाक्याला. गोडाऊनच्या माळ्यावर ऑफिस होतं आणि त्याच्या एका टोकाला आमचं ईडीपी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग. नाव भारदस्त होतं, पण आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तो अंधेरीच्या एका डेटा सेंटरमध्ये, थंडगार काचेच्या खोलीत असायचा. आम्ही तो तासावर घ्यायचो. आमच्याकडे होती कार्डांना भोकं पाडायची मशिनं, ती चालवणाऱ्या तीन मुली आणि स्टॅटिस्टिक्स शिकलेली मी.

बॅच म्हणजे काय ते आधी सांगते. आपण चकल्या तळतो तेव्हा कढईत एका वेळी जेवढ्या मावतात तो एक घाणा. औषधाचंही तसंच. एका वेळी जेवढं बनतं ती एक बॅच आणि तिला एक नंबर. एखाद्या बाटलीत दोष निघाला तर त्याच घाण्याच्या बाकीच्या बाटल्यांतही तो असू शकतो. म्हणून संपूर्ण बॅच बाजारातून परत बोलवावी लागते. त्यासाठी आधी कळायला हवं की ती कुठे कुठे गेली.

पूर्वी हे शोधायला तीन कारकून चलनांच्या जुन्या वह्या घेऊन दोन दिवस बसत. माझ्या प्रोग्रॅमने ते काम काही मिनिटांत करायचं होतं. प्रत्येक ऑर्डर पाठवताना गोडाऊनमध्ये एक फॉर्म भरायचा. फॉर्मवरून कार्ड पंच व्हायचं. कार्डांवरचा मजकूर टेपवर चढायचा. बॅच नंबर दिला की प्रोग्रॅम सगळी टेप वाचून त्या बॅचचे ग्राहक छापणार. सरळ काम होतं.

तपासणीही मी मन लावून केली होती. साठ खोट्या ऑर्डरींची कार्डं बनवली. काहींत तारीख चुकीची, काहींत ग्राहकाचा नंबरच नाही, काहींत बॅचची जागा कोरी. प्रत्येक वेळी काय छापून यायला हवं ते आधीच हाताने लिहून ठेवलं आणि मग मशिनच्या छापील कागदाशी पडताळलं. पहिल्यांदा अकरा चुका निघाल्या, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा एकही नाही. त्यानंतर दोन महिने पॅरलल रन केला, म्हणजे जुनं रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही बरोबरीने चालवले. दोघांची उत्तरं जुळली. मी स्वतःवर खूष होते.

आणि मग आदल्या संध्याकाळी घाटकोपरच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. आमच्या सलाइनच्या बाटलीत कापसासारखं काहीतरी तरंगतंय. कारखान्यात त्याच बॅचच्या राखून ठेवलेल्या बाटल्या तपासल्या. काहींची रबरी बुचं नीट बसलेली नव्हती. सलाइन थेट माणसाच्या शिरेत जातं. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सगळी बॅच परत बोलवायची ठरली.

मेहता साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर आहे ना? मग काढा यादी."

मी सकाळी आठला अंधेरीला होते आणि दहाच्या सुमारास यादी घेऊन साकीनाक्याला परतले. एकोणीस नावं. माझ्या प्रोग्रॅमचं हे पहिलं खरं काम. मेहता साहेब यादीवरून हात फिरवत म्हणाले, "वा! दोन दिवसांचं काम दोन तासांत." त्यानंतर पाच मिनिटांनी परबमामांनी चेंबूरचं विचारलं.

"मामा, तुमचा घोळ होतोय," राजाध्यक्ष म्हणाले. "रोज इतक्या गाड्या भरता. दुसरी कुठली तरी बॅच आठवत असेल."

"माझा चुकला तर बराच आसा साहेब," मामा शांतपणे म्हणाले. "पण फोन करून बघूक काय हरकत?"

फोन केला. लागला नाही. ऑपरेटर म्हणाली, लाइन डेड आहे.

मेहता साहेबांनी मला विचारलं, "मिस गुप्ते, ही यादी बरोबर आहे?"

"प्रोग्रॅम बरोबर आहे, सर."

बोलले आणि माझं मलाच जाणवलं की मला हे विचारलेलंच नव्हतं. मेहता साहेब जुने माणूस होते, त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "एकोणीस ठिकाणी माणसं आत्ता निघतील. तुम्हाला अर्धा तास देतो. मामा बरोबर आहेत की तुमचा कॉम्प्युटर, ते मला सांगा."

पहिला संशय पंचिंगवर. आमच्या पंचिंग रूममध्ये हंसा कोळी होती, वेसाव्याची. ती व्हेरिफायर चालवायची. व्हेरिफायर म्हणजे दुसऱ्यांदा टाइप करून बघायचं मशीन. एकीने कार्ड पंच केलं की दुसरी तोच फॉर्म बघून पुन्हा टाइप करते. फरक पडला की मशीन अडतं. हंसाच्या हातून सहसा काही सुटायचं नाही.

चेंबूरच्या ऑर्डरचा फॉर्म आणि कार्ड आम्ही शोधून काढलं. कार्डावर वेगळीच बॅच होती, आदली. फॉर्मवरही तीच.

"बघ," हंसा म्हणाली, "फॉर्मावर हाय तेच कार्डावर हाय. आमच्यावर ढकलू नको हां."

"ढकलत नाहीये गं. म्हणजे फॉर्मच चुकीचा भरला."

"नायतर मामा चुकला."

"मामा चुकतात कधी?"

हंसाने थोडा विचार केला. "नाय बा. आठवत तरी नाय."

फॉर्म घेऊन मी खाली गेले. खरं सांगायचं तर गोडाऊनमध्ये मी तोपर्यंत दोनदाच आले होते आणि दोन्ही वेळा दारातूनच परतले होते. आत खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत होत्या. तीन मोठे दरवाजे, प्रत्येकासमोर गाडी लागलेली, हमालांची ये-जा. परबमामा दोन नंबरच्या दरवाज्याशी उभे राहून खोक्यांवरची लेबलं वाचत होते. पन्नाशीचे, बारीक चणीचे, खाकी शर्ट, कानाला पेन्सिल.

मी फॉर्म पुढे केला.

"ह्या अक्षर माझाच," ते म्हणाले.

"मग मामा, तुम्ही म्हणता नवी बॅच गेली आणि इथे तर जुनी लिहिलीय!"

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्यावर कोणी नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, रागावू नकात. तुमीच सांगितलात."

"मी?"

"फॉर्म शिकवूक इल्लात त्या दिवशी. मी इचारलंय, एका ऑर्डरीत दोन बॅच इले तर खंयचो नंबर लिवूचो? तुमी म्हणालात, तसा क्वचितच होयत. पयलो लिवा."

मला ते आठवलं. एका क्षणात सगळं आठवलं. वीसेक माणसं जमिनीवर बसली होती, मी खडूने फळ्यावर फॉर्मचे चौकोन काढत होते आणि मागून एक हात वर झाला होता. मला एक वाजता अंधेरीचा स्लॉट गाठायचा होता. अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन मी पुढे गेले होते.

फॉर्मवर बॅच नंबरसाठी चौकोनांची एकच ओळ होती. तीही मीच आखलेली.

"मला नीट समजावून सांगा," मी म्हटलं.

त्यांनी मला थप्पीपाशी नेलं. प्रत्येक दरवाज्याला आपली एक थप्पी. जुन्या बॅचची खोकी आधी काढायची, ती संपली की नवी सुरू. पण जुनी खोकी ऑर्डर बघून संपत नाहीत. चेंबूरची ऑर्डर आठ खोक्यांची होती. पाच खोकी जुन्या बॅचची निघाली आणि थप्पी संपली. उरलेली तीन नव्या बॅचची भरली. फॉर्मवर मात्र आठही जुनी. सांगितल्याप्रमाणे, पयलो नंबर.

ती नवी बॅच म्हणजेच आता परत बोलावलेली बॅच.

मग मला पॅरलल रनचं कोडंही सुटलं. जुन्या पद्धतीत कारकून स्वतः दरवाज्याशी उभा राहून खोक्यावरचा नंबर वाचायचा. नवा फॉर्म आल्यावर त्याला ते कष्ट कशाला हवेत? तो फॉर्मवरूनच रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायला लागला होता. दोन महिने मी माझीच चूक माझ्याच चुकीशी पडताळत होते. जुळणारच.

उभ्या उभ्या मी हिशेब केला. नवी बॅच प्रत्येक दरवाज्यावर एकदा सुरू झाली असणार. तीन दरवाजे. म्हणजे तीन ऑर्डरी यादीतून सुटलेल्या असू शकतात. एक चेंबूर. बाकीच्या दोन शोधायच्या तर शेकडो फॉर्म चाळायला हवेत आणि फॉर्मवर तर त्यांची काही खूणच नाही.

"मामा, अजून दोन असतील हो. त्या कशा सापडणार?"

मामांनी खिशातून एक वही काढली. छोटी, तेलकट पुठ्ठ्याची. पानोपान खोक्यांच्या लेबलांचे फाडलेले तुकडे डिंकाने चिकटवलेले. प्रत्येक पानावर दोन तुकडे, वर जुन्या बॅचचा आणि खाली नव्या बॅचचा. बाजूला पेन्सिलीने दरवाज्याचा नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, कुठल्या बॅचची किती खोकी. अक्षर चौथी शिकलेल्या माणसाचं, पण एकही खाडाखोड नाही.

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. एक नंबर, बोरिवली. दोन नंबर, मुलुंड. तीन नंबर, चेंबूर.

"हे कोणी लिहायला सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाय. फॉर्मात जागा नाय मां, म्हणून हयसर ठेवलंय."

मामा आधी गिरणीत होते. चौदा वर्षं सूत गुंडाळायच्या खात्यात. तिथे म्हणे सुताचे लॉट असतात आणि दोन लॉट कधी एकत्र होऊ द्यायचे नसतात. सूत दिसायला सारखंच दिसतं, पण कापड विणून रंगवलं की पट्टा उमटतो. "रंग सारखो लागना नाय," मामा म्हणाले. "आणि पट्टो दिसता तवसर उशीर झालेलो असता. कोणाच्या हातान मिसळला, काय सांगूक येणा नाय. म्हणून लॉट बदललो काय खूण करूची. आमका हातच लागलेलो तसो." पुढे कापसाच्या धुळीने खोकला जडला, गिरणी सुटली, इथे लागले. पण हात तसाच राहिला. मी ज्या दिवशी "पहिला लिहा" म्हटलं त्याच दिवशी त्यांनी वही सुरू केली होती.

"तुम्ही मला परत येऊन का नाही सांगितलंत?"

"सांगितलंय मां एकदा. तुमी घाईत होतात."

मी वही मागितली. ती देताना मामा म्हणाले, "बाई, साहेबांक सांगा, मामान फॉर्म चुकीचो भरल्यान. माझा काय जाता? चार शब्द ऐकान. तुमची नोकरी नवीन आसा."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की जणू जड खोकं आहे, जरा मी एक बाजू धरतो, असंच सांगत असावेत. मला क्षणभर मोहही झाला, खोटं कशाला बोलू? पण वर जाऊन मी एका दमात सांगून टाकलं.

"सर, यादीत तीन नावं कमी आहेत. चेंबूर, बोरिवली, मुलुंड. एका ऑर्डरमध्ये दोन बॅच आल्या तर फॉर्मवर दुसरीला जागाच नाही. फॉर्म माझा आहे आणि पहिलाच नंबर लिहा ही सूचनाही माझीच. मामांनी तेव्हाच हे विचारलं होतं."

राजाध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "मिस गुप्ते, हे तुम्ही टेस्टिंगमध्ये..."

"टेस्टिंगचं नंतर," मेहता साहेब म्हणाले. ते वही उलटून बघत होते. "बोरिवलीला आणि मुलुंडला मी फोन लावतो. चेंबूरचा फोन बंद आहे. तिथे तुम्ही जा. मामांना घेऊन जा, खोकी त्यांना ओळखता येतील."

कंपनीची व्हॅन लोबो चालवायचा, वाकोल्याचा. आम्ही दोघं चढलो तसा तो म्हणाला, "काय मामा, आज मॅडमला पण हमाली?" मामांनी त्याला फक्त एवढंच सांगितलं, "लोबो, बाळंतिणींचा हॉस्पिटल आसा." त्यानंतर कुर्ल्याच्या रस्त्याने लोबोने व्हॅन जशी काढली तशी मी तोवर कोणाला काढताना पाहिली नव्हती.

हॉस्पिटल छोटं होतं, दहा-बारा खाटांचं. मेट्रन बाहेर आल्या, उंच, पांढऱ्याशुभ्र साडीतल्या. मी बॅच नंबर सांगितला आणि कारण सांगितलं.

"आम्हाला कोणी कळवलं नाही," त्या म्हणाल्या. "चार दिवस फोन बंद आहे."

स्टोअररूममध्ये आठ खोकी एकावर एक होती. मामांनी लेबलं वाचली आणि दोन मिनिटांत खोकी वेगळी केली. पाच एकीकडे, तीन दुसरीकडे. त्या तिघांतलं एक उघडलेलं होतं.

"ह्या कधी फोडला?"

"आज सकाळी," मेट्रन म्हणाल्या.

एका खोक्यात बारा बाटल्या. मामांनी मोजल्या. नऊच निघाल्या.

"तीन ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत," मेट्रन म्हणाल्या आणि तिकडे पळाल्या. त्यांना पळताना बघून दोन नर्स दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही स्टोअररूममध्येच थांबलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मामा खोक्याच्या कडेला हात ठेवून उभे होते.

मेट्रन ट्रे घेऊन आल्या. तिन्ही बाटल्यांची सीलं शाबूत होती. त्यांनी एकेक बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरीत, मानेपाशी, कापसाचा चिमूटभर पुंजका हलला.

त्यांनी ती बाटली ट्रेमध्ये वेगळी ठेवली. मग म्हणाल्या, "बारा वाजताचं सिझेरियन आहे. बाईला आत घेतलंय."

पावणेबारा झाले होते.

"आता दुसरं सलाइन कुठून आणू?" त्यांनी मला विचारलं. सगळं परत न्यायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मामांनी त्या पाच खोक्यांवर थाप मारली. "ही पाच आदल्या बॅचची, मेट्रनबाई. ह्यांचा काय नाय. तरी एकेक उजेडात बघून घेवा."

मेट्रननी बाटल्या उजेडात पाहिल्या, तीन उचलल्या आणि गेल्या. जाता जाता मामांकडे वळून म्हणाल्या, "थँक यू हं." मामांनी हात जोडले.

तीन खोकी छत्तीस बाटल्यांसह आम्ही व्हॅनमध्ये चढवली. मामांनी स्वतः सुतळी बांधली. मग ते हॉस्पिटलच्या पायरीवर बसले आणि खूप वेळ खोकत राहिले. लोबोने कुठूनतरी चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर मामा म्हणाले, "बाई, फॉर्मात एक ओळ वाढवा. बास."

बोरिवली आणि मुलुंडचा माल संध्याकाळपर्यंत परत आला. त्यातली एकही बाटली वापरलेली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी नवा फॉर्म बनवला. पट्टीने नीट आखून, बॅचसाठी दोन ओळी. पण या वेळी तो छापायला देण्याआधी मी खाली गेले आणि दोन नंबरच्या दरवाज्याशी स्टूल टाकून बसले. मामांना म्हटलं, "गाडी भरताना हा भरा. मी काही सांगणार नाही. तुम्ही अडलात तरी बोलणार नाही."

मामा हसले. "परीक्षा माझी काय तुमची?"

"माझी."

यूजेबिलिटी हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कोणी ऐकलेला नव्हता. मी फक्त बघत बसले. गप्प बसणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. माझ्या फॉर्मवर सगळ्यात वर बॅच होती, कारण कार्डावर ती पहिली हवी होती. दरवाज्याशी मात्र पहिल्यांदा कळतं ते गिऱ्हाइकाचं नाव, बॅच कळते खोकी हलायला लागल्यावर. म्हणून मामा मधूनच फॉर्म भरायला सुरुवात करत होते, खाली जात होते, परत वर येत होते. चौकोन इतके लहान होते की बोथट पेन्सिलीचा आकडा शेजारच्या चौकोनात घुसत होता. आणि तीन नंबरला तर गाडी भरताना फॉर्म भरलाच जात नव्हता. लिहायला खाली पुठ्ठा नाही, म्हणून गाडी गेल्यावर आठवून सगळे फॉर्म एकदम भरत होते. हे सगळं पहिल्या दिवसापासून असंच चाललं होतं आणि मी त्यांच्या डोक्यावर, माळ्यावर बसून कागदावर चौकोन आखत होते.

संध्याकाळी मी मामांना विचारलं, "मग? पास?"

"नापास," मामा म्हणाले. "माका जमात. पण उद्या मी रजेर गेलंय तर नवीन माणूस दुसरी ओळ सोडून देतलो. त्येका कळाक व्हया, हयसर काय तरी लिवूचाच आसा."

म्हणून दुसऱ्या ओळीआधी एक प्रश्न घातला: बॅच बदलली का? हो किंवा नाही यावर खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही. कोरा आला तर हंसा तो पंच न करता सरळ खाली परत पाठवणार. तो फॉर्म नव्या माणसाला भरायला दिला. दुसऱ्यांदाही मामांनी नापास केला, कारण दोन्ही ओळींतली खोकी मिळून ऑर्डरएवढी होतात का हे कुठे दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा पास.

प्रोग्रॅमही बदलला. या वेळी खोटी कार्डं मी एकटीने बनवली नाहीत. मामांना विचारलं, "तुमच्याकडे काय काय विचित्र घडतं ते सांगा." ते बोलत गेले आणि मी लिहीत गेले. गाडी बंद पडली, अर्धी खोकी दुसऱ्या गाडीत टाकली. खोकं फुटलं, त्याच्या बदली दुसऱ्या बॅचचं दिलं. गिऱ्हाइकाने दोन खोकी दारातूनच परत केली, ती दुसऱ्याच थप्पीवर चढली. एकदा एकाच ऑर्डरीत तीन बॅच. त्यांच्या सांगण्यावरून मी चोवीस कार्डं बनवली. माझ्या साठ कार्डांवर पास झालेला प्रोग्रॅम त्या चोविसांपैकी सात ठिकाणी आपटला.

तपासणीच्या रिपोर्टवर, "तपासणारा" या शब्दापुढे, मी मामांची सही घेतली. राजाध्यक्ष म्हणाले, "गोडाऊनच्या मुकादमाची सही? प्रोग्रॅमच्या रिपोर्टवर?" रिपोर्ट मेहता साहेबांकडे गेला. त्यांनी मामांच्या सहीखाली आपली सही केली. त्यानंतर आमच्या डिपार्टमेंटमध्ये तोच रिवाज पडला. राजाध्यक्षांनीही पुढे तो आपणच सुरू केल्यासारखा पाळला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नंतर एकदा आणखी एक बॅच परत बोलवावी लागली. यादी काढली, मामांच्या वहीशी लावून पाहिली. एकही नाव कमी नव्हतं. त्या दिवशी कोणी वा म्हटलं नाही. चांगल्या प्रोग्रॅमचं असंच असतं, तो कोणाच्या लक्षात येत नाही.

मी "क्वचितच" म्हटलं होतं ते गणिताने फार चुकीचं नव्हतं. शंभर ऑर्डरींत एखाद-दुसरी तशी असायची. पण बॅच परत बोलवताना आपण ऑर्डरी मोजत नसतो, बॅच शोधत असतो. आणि प्रत्येक बॅच कुठेतरी सुरू होते, प्रत्येक बॅच कुठेतरी संपते. म्हणजे माझी चूक दर बॅचला होणारच होती. स्टॅटिस्टिक्स मी शिकले होते, पण हे मामांना माझ्या आधी कळलं.

पुढे मी बरीच वर्षं प्रोग्रॅम तपासण्याचंच काम केलं. नवीन मुलं आली की त्यांना पहिल्या दिवशी कॉम्प्युटर दाखवत नसे. आधी गोडाऊनच्या दरवाज्याशी दिवसभर उभं करायची. काही बोलायचं नाही, काही सुचवायचं नाही, नुसतं बघायचं. जाताना एवढंच सांगायची की चांगले कपडे घालून जाऊ नका, फॉर्मखालच्या कार्बन पेपरचे डाग निघत नाहीत.